भेळेच्या आधी हॅम्लेट

आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याच्या शेवटच्या रविवारी आधी त्या महिन्यात जन्मलेल्यांचे वाढदिवस होतात, मग कुणाचं तरी व्याख्यान, आणि मग भेळ. व्याख्यान मध्ये घालण्यामागे अनुभव आहे. ते शेवटी ठेवलं तर भेळ खाऊन मंडळी घरी जातात. गुडघेदुखी, मोतीबिंदू, मृत्युपत्र आणि मोबाइलवरून होणारी फसवणूक एवढं सगळं प्रबोधन उरकल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की आता जरा हलकंफुलकं काहीतरी ठेवा, कोण बोलतंय का, आणि नेमक्या त्याच क्षणी, डोक्यावरचा पंखा जरा कमी करायला सांगावा म्हणून मी हात वर केला.

माझं नाव लिहिलं गेलं.

तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण सगळी हयात बँकेत दुसऱ्यांच्या सह्या जुळवून पाहण्यात गेलेल्या माणसाला 'तुम्ही बोलाल का?' असं कुणी विचारलं की त्याचा तोलच जातो. मी म्हणालो, हॅम्लेट. अख्खं नाटक नाही हो, त्यातला एकच प्रवेश, आणि तो निरनिराळ्या सिनेमावाल्यांनी कसा कसा घेतलाय त्याची तुलना; तुकडे दाखवीन, मध्ये मध्ये बोलीन. सेक्रेटरी खूश झाले, कारण त्यांनी त्यातलं 'सिनेमा' एवढंच ऐकलं होतं. प्रवेश कोणता हे मी त्यांना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि रविवारी सकाळी हॉलबाहेरच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात कार्यक्रमपत्रिका झळकली: १. वाढदिवस. २. स्मशान. ३. भेळ.

तुम्हाला तो प्रवेश आठवत असेलच, पण आठवल्यासारखा चेहरा करणारे माझ्यासारखे लोकही जगात असतात, म्हणून सांगतो. पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश. ऑफिलिया बुडून मेली आहे, तिची कबर खणायला दोघं आले आहेत आणि जीव दिलेल्या बाईला ख्रिस्ती रीतीने पुरायचं तरी कसं, यावर वकिली थाटात काथ्याकूट चालला आहे: माणूस आपल्या पायाने पाण्याकडे गेला तर ती आत्महत्या हे कबूल, पण पाणीच माणसाकडे चालत आलं तर? मग थोरला धाकट्याला कोडं घालतो की गवंडी, सुतार आणि जहाजं बांधणारा या सगळ्यांपेक्षा पक्कं बांधकाम कुणाचं? उत्तर, आपलं; आपण बांधलेली घरं कयामतपर्यंत टिकतात. एवढं सांगून तो धाकट्याला दारू आणायला पिटाळतो आणि गाणं म्हणत म्हणत खड्ड्यातून जुन्या कवट्या बाहेर भिरकावू लागतो. तिथे हॅम्लेट येतो. थोरला त्याला ओळखत नाही आणि त्यालाच सांगतो की आमचा तो राजपुत्र वेडा झाला म्हणून त्याला इंग्लंडला पाठवलाय, तिकडे नाही बरा झाला तरी चालेल, तिकडे सगळे तसलेच. १६०० च्या सुमाराला हे वाक्य लंडनमध्ये लंडनच्याच लोकांना ऐकवलं जात होतं! मेलेलं माणूस मातीत किती दिवस टिकतं, या प्रश्नाला तर तो एखाद्या खात्याने माहिती पुरवावी तसं उत्तर देतो: आठ-नऊ वर्षं, कातडी कमावणारा असेल तर नऊ नक्की, कारण धंद्यापायी त्याची स्वतःचीच कातडी इतकी कमावलेली असते की पाणी आत शिरत नाही. आणि मग ती कवटी. तेवीस वर्षांपूर्वी गेलेला दरबारातला विदूषक योरिक, ज्याच्या पाठीवर बसून हा राजपुत्र लहानपणी हुंदडला.

व्याख्यानाला कवटी हवीच, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं नव्हतं. ते तिथलंच पीक. माझा भाचा मुंबईत डॉक्टरकी शिकतो. परळला त्याच्या हॉस्टेलवर गेलो तर तो म्हणाला, "मामा, खरी नाही देणार, प्लास्टिकची ने. आणि वरचं झाकण निघतं, जपून." वस्तू मात्र देखणी होती. कपाळाच्या वरचा भाग गोल कापलेला, तो बाजूच्या बारीक आकड्यांनी खालच्या भागात अडकायचा; खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर, दाबला की उघडायचा आणि सोडला की खटकन मिटायचा; आणि दातांवर कुणी अभ्यासू मुलाने बॉलपेनने नंबर घातलेले. ही कवटी भाजीच्या कापडी पिशवीत घालून मी दादरला डोंबिवली फास्ट पकडली. फोर्थ सीट मिळाली, म्हणजे अर्धा मी बाकावर आणि अर्धा हवेत. पिशवी मांडीवर. शेजारच्याने थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, आपुलकीने तिच्यावर हात ठेवला, "काका, शहाळं का?" असं विचारत जरा दाबलं, आणि आतून खटकन आवाज आला. मी तोंड उघडून 'नाटकातलं आहे' म्हणेपर्यंत तो उठला होता. त्याच्या शेजारचाही उठला. संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये पाय पसरून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल; तो मी.

घरी आल्यावर ही म्हणाली, ते प्रकरण देवघराच्या, जेवणाच्या आणि झोपण्याच्या खोलीत ठेवायचं नाही. आमच्या घरात एवढं वगळल्यावर बाथरूम उरतं. मी कवटी वॉशिंग मशीनमध्ये ठेवली, वर झाकण लावलं आणि निश्चिंत झोपलो. सकाळी हिने अंधारातच त्यात चादरी लोटल्या आणि बटण दाबलं. योरिकसाहेब दोनदा खंगाळून आणि एकदा पिळून निघाले. रंग उजळला होता, पण स्प्रिंगा सैल पडल्या होत्या आणि एक आकडा चादरीबरोबर दोरीवर वाळत होता.

सिनेमांचे तुकडे मी स्वतः कापले. भाच्याने त्यासाठी एक प्रोग्राम दिला होता, त्यात कात्रीचं चित्र असतं, ते दाबायचं. कात्रीच्या कुठल्या बाजूचा भाग राहतो आणि कुठल्या बाजूचा जातो, याबद्दल त्या प्रोग्रामचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

रविवारी केक कापून झाला. माझी ओळख 'आपले बँकवाले' अशी करून देण्यात आली. नाट्यमय सुरुवात करायची म्हणून मी बोलायच्या आधीच पिशवीत हात घातला आणि गंभीर चेहऱ्याने, हात उंच करून, सर्वांसमोर एक मेथीची जुडी धरली. येताना घेऊन ठेव असं हिने सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला कवटी निघाली, पण तिने खाली 'आ' वासलेला होता आणि मी ते सुप्रसिद्ध 'जगावं की मरावं' स्वगत सुरू करणार एवढ्यात झाकण सुटून टेबलावरून गडगडत पहिल्या रांगेत गेलं. तिथल्या आजींनी ते उचललं, पदराने पुसलं आणि मला परत दिलं. "तुमची वाटी," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा स्वगताकडे वळलो. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. आमच्या संघात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. "ते स्वगत तिसऱ्या अंकात येतं," त्या म्हणाल्या, "कवटी पाचव्यात. फोटोत लोक दोन्ही एकत्र करतात." मग उभ्याच होत्या म्हणून त्यांनी एवढंही सांगितलं की आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना 'हॅम्लेट'चं भाषांतर केलं, ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली आलं आणि पुढे गणपतराव जोशींनी रंगभूमीवर तो हॅम्लेट गाजवला. मी तासभर जे करणार होतो त्यापेक्षा हे भारी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, काहीजण भेळेसाठी उठलेही.

पहिला तुकडा लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटाचा. याला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि ऑलिव्हिएला अभिनयाचंही. यातला कबर खणणारा स्टॅनली हॉलोवे, जो पुढे 'माय फेअर लेडी'त नायिकेचा बेवडा बाप झाला. मी त्याची भरपूर तारीफ करून ठेवली आणि बटण दाबलं, तर पडद्यावर हॅम्लेट आधीच कवटी हातात घेऊन उभा. हॉलोवे कात्रीच्या पलीकडे गेला होता. आता गंमत बघा, १७७२ साली डेव्हिड गॅरिक या थोर इंग्रज नटाने आपल्या प्रयोगातून कबर खणणारे असेच उडवले होते, कारण शोकांतिकेत ही थट्टा शोभत नाही असं त्याला वाटलं; त्याच्याही आधी व्हॉल्तेअरने फ्रान्समधून नाक मुरडलं होतं की राजपुत्राच्या नाटकात दारू पिणारे, गाणी म्हणणारे मजूर कशाला. त्या दोघांनी विचारपूर्वक जे केलं ते मी माउसने केलं. ऑलिव्हिएचा एक शॉट मात्र शाबूत होता: कवटी जमिनीवर ठेवलेली आहे आणि हॅम्लेटच्या डोक्याची सावली सरकत येऊन नेमकी तिच्यावर बसते. शॉट फार सुंदर आहे. इतका सुंदर की दिग्दर्शकाला तो सुचल्याचा आनंदही पडद्यावर दिसतो.

दुसरा तुकडा ग्रिगोरी कोझिंत्सेवच्या १९६४ च्या रशियन 'हॅम्लेट'चा. पास्तरनाकचं भाषांतर, शोस्ताकोविचचं संगीत, स्मोक्तुनोव्स्कीचा हॅम्लेट. माझ्या मते सगळ्या हॅम्लेटपटांत हा सर्वांत भारदस्त. तो मी प्रेक्षकांना केवळ ऐकवू शकलो. चित्र आलंच नाही. काळ्या पडद्याकडे बघत शोस्ताकोविच ऐकताना हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आमच्या संघात याआधी फक्त श्रद्धांजलीला पसरलेली आहे, आणि संगीत थांबल्यावर सवयीने काहीजण उभेही राहिले.

मग कुणाच्या तरी नातवाला बोलावण्यात आलं. तो खालच्या मैदानावरून घामाघूम होऊन आला आणि लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे, अतिशय दयेने बघू लागला. तो खटपट करत होता तोवर मी तोंडी तुलना चालू ठेवली. फ्रांको झेफिरेलीच्या १९९० च्या चित्रपटात मेल गिब्सन हॅम्लेट आहे आणि त्याची आई झालेली ग्लेन क्लोज त्याच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठी. यावर बायकांच्या बाजूने जी कुजबुज झाली ती आटोक्यात आणता आणता स्मशान मागे पडलं. मायकेल अल्मेरेडाचा २००० सालचा हॅम्लेट न्यूयॉर्कमध्ये घडतो, तिथे ते प्रसिद्ध स्वगत व्हिडिओच्या दुकानात फिरता फिरता म्हटलेलं आहे आणि योरिकचा प्रवेश गाळलेला आहे. त्या शहरात जागेचे भाव बघता हे ठीकच. आणि सोहराब मोदींनी १९३५ साली 'खून का खून' नावाचा हॅम्लेट काढला होता, त्याची प्रत आज मिळत नाही, त्यामुळे तेवढा एक तुकडा माझ्या हातून बिघडला नाही.

मग मी आंद्रे चायकोव्स्कीची गोष्ट सांगायला घेतली. "हंसांच्या बॅलेवाला?" नाही, तो दुसरा; हा पोलंडात जन्मलेला पियानोवादक, १९८२ साली वारला आणि मृत्युपत्रात लिहून गेला की माझी कवटी रॉयल शेक्सपिअर कंपनीला द्यावी, नाटकात वापरायला. ती २००८ साली डेव्हिड टेनंटच्या हातात प्रयोगात आली. दिग्दर्शक ग्रेगरी डोरन, आणि पुढच्या वर्षी त्याच हॅम्लेटचा चित्रपट झाला. आमच्या संघात देहदानाचे अर्ज भरलेले सभासद पुष्कळ आहेत. त्यातले एक आजोबा काठी टेकत उठले आणि इकडे अशी सोय कुठल्या नाटक कंपनीत आहे का विचारू लागले. तसं असेल तर ते अर्ज बदलणार होते, कारण कॉलेजात मुलं नुसती बघतात, इथे निदान टाळ्या पडतील. "जिवंतपणी कुणी कधी घेतलं नाही," त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणे आता."

एव्हाना नातवाने लॅपटॉप ताळ्यावर आणला होता आणि माझ्या कापलेल्या तुकड्यांकडे दुर्लक्ष करून मूळ फायलीच उघडून दिल्या होत्या. केनेथ ब्रॅनाचा १९९६ चा 'हॅम्लेट' सुरू झाला. या गृहस्थाने काही म्हणजे काही गाळलं नाही. चित्रपट चार तासांचा आहे. कबर खणणारा बिली क्रिस्टल. कवटी हाती येते तेव्हा ब्रॅना एकदम जुन्या दिवसांत जातो आणि जिवंत योरिकच दाखवतो, जेवणाच्या टेबलाशी लोकांना हसवणारा. ती भूमिका केन डॉड या इंग्रज विनोदी नटाची, त्याचे पुढे आलेले दात जगप्रसिद्ध होते, आणि कवटीचेही दात तसेच पुढे आलेले. मला हे फारसं पटत नाही. योरिक आपल्याला दिसत नाही म्हणूनच तो प्रत्येकाचा होतो. त्या हाडाकडे बघून प्रत्येकाने आपापला गेलेला हसरा माणूस आठवायचा असतो, आणि इथे ब्रॅना सगळ्यांना एकच फोटो वाटून टाकतो. असं मी बोलत होतो. पण सकाळपासून पहिल्यांदाच पडद्यावर कुणीतरी हसताना दिसल्यामुळे हॉलमध्ये जीव आला होता आणि माझं कुणी ऐकत नव्हतं.

आता एक सांगायचं राहिलं. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक गृहस्थ बसले होते, पालिकेच्या स्मशानभूमीत नोंदवही सांभाळून निवृत्त झालेले. कधी बोलत नाहीत, भेळेतही कांदा नको एवढंच म्हणतात. बिली क्रिस्टल डोळे मिचकावत, शब्दाशब्दाला हॅम्लेटवर कुरघोडी करत होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "हा नोकरीत नवीन दिसतो."

मी थबकलो. का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आलेल्याला हसवायला बघतोय. जुने तसं करत नाहीत. जुन्यांचं आपापसात चालू असतं."

नातवाने मूळ फाइलमधून माझा हरवलेला हॉलोवे शोधून लावला. हा हॅम्लेटकडे धड बघतही नाही. खड्ड्यात उभ्या उभ्या, विचारलं त्याला उत्तर देतो, काम चालू. "हा युनियनचा," ते म्हणाले.

आणि मग विशाल भारद्वाजचा २०१४ चा 'हैदर'. काश्मीर, बर्फ, त्यात कबरी खणणारे तीन म्हातारे, आणि 'सो जाओ' हे गुलजारांचं गाणं त्यांच्या तोंडी. कुदळीच्या ठेक्यावर, कुणासाठीही नाही, आपलं आपण. पुढे हेच म्हातारे बंदुका उचलतात आणि त्याच दफनभूमीत चित्रपटाचा शेवट होतो, पण मी एवढाच भाग लावला होता. गुलजारांचं नाव निघाल्यामुळे मागची मंडळी पुढे सरकली होती. शेवटच्या रांगेतले गृहस्थ बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे कायम झालेले."

माझ्याकडे वहीत कॅमेरा, प्रकाश, मृत्यूचं तत्त्वज्ञान वगैरे पाच पानं होती. ती मी मिटली. इतकी वर्षं हे सिनेमे बघताना मी कवटीकडे, फार तर ती धरणाऱ्या हाताकडे बघत आलो, कारण पोस्टरवर तेच असतं. खड्ड्यातल्या माणसाकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. शेक्सपिअरने तो माणूस असा लिहिला आहे की हॅम्लेट ज्या दिवशी जन्मला त्याच दिवशी हा कामावर रुजू झाला. म्हणजे राजपुत्राचं जेवढं वय तेवढी याची नोकरी, तीस वर्षांची, आणि त्यात मरणाचं नवल संपून गेलेलं. हॅम्लेट त्याचं गाणं ऐकून चकित होतो, आणि मित्र त्याला सांगतो की सवयीचा परिणाम आहे हा. हे नवल संपलेलं ज्या चित्रपटात दिसतं तिथे प्रवेश जमतो. कवटी काय, ती भाच्याकडेही मिळते. म्हणून माझा क्रम असा: पहिला 'हैदर', मग ऑलिव्हिए त्याच्या हॉलोवेसाठी, आणि ब्रॅना शेवटी, केन डॉडच्या दातांसकट. कोझिंत्सेवला क्रम देत नाही, आमच्या संघाने तो पाहिलेला नाही.

कवटी परत केली तेव्हा भाच्याने ती हुंगली आणि हिला साबणाचा वास कसा येतो असं विचारलं. मी विषय बदलला. संघाच्या पुढच्या बैठकीत माझ्या व्याख्यानावर चर्चा होऊन असं ठरलं की शेक्सपिअर चालू ठेवावा, वक्ता बदलावा. विषय कोझिंत्सेवचाच १९७१ चा 'किंग लिअर': हयातीतच सगळी इस्टेट मुलींच्या नावे करून बसलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट, आणि आमच्या संघात बक्षीसपत्राचे कागद करून ठेवलेली मंडळी बरीच असल्यामुळे गर्दी होणार हे नक्की. तुमच्या ओळखीत कुणी बोलणारं असेल तर जरूर कळवा. मानधन नाही, भेळ आहे, लॅपटॉपला नातू येतो. आणि वक्त्याने येताना काहीही घेऊन येऊ नये अशी सेक्रेटरींची विनंती आहे.